मुक्याची ओळ

बेळगुंदीच्या जत्रेतल्या नाटकात मी सलग अकरा वर्षं हिरो होतो. बाराव्या वर्षी एका मुक्यानं मला खाऊन टाकलं. त्या माणसाला मुका करायची कल्पना माझीच होती, हे गावात अजून फारसं कुणाला ठाऊक नाही.

मी उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत स्टोअरकीपर आहे. दिवसभर लोकांना बोल्ट आणि ग्रीसचे डबे काढून द्यायचे, आणि जत्रेच्या आधी दोन महिने रोज संध्याकाळी शाळेच्या सातवीच्या वर्गात पंचवीस वर्षांचा तरुण व्हायचं. माझं खरं वय सेहेचाळीस. केस काळे करता येतात, पोटाचं काय करायचं हा प्रश्न असतो. मी ते आत ओढून धरायचो. बायको म्हणायची, "पोट आत वडून बोलाल्यासा, म्हणून आवाज तसा येतोय. लोकांस्नी वाटतंय तुम्ही रडालाय." मला वाटायचं, मग चांगलंच आहे.

आमच्या मंडळींत एक कंडक्टर आहे. माझ्याच वर्गात शिकलेला, आणि आमच्याच गावच्या बसवर. त्याचा आवाज ऐकला नाही असा माणूस या रस्त्यावर सापडायचा नाही. "पुढं सरका, मुंद होगरी, आगे बढो, कॅम्पवाले दारात या!" हे तो एका श्वासात म्हणतो, आणि मराठी, कन्नड, हिंदी असे तिन्ही प्रवासी एकदमच सरकतात.

मुक्याच्या नाटकाच्या आदल्या वर्षी तो पाटील झाला होता. शेवटच्या प्रवेशात मी विष पिऊन पडलेलो, आणि पाटलानं रडणाऱ्या सुनेला म्हणायचं होतं, "पुढं ये, पोरी." तो म्हणाला. लगेच गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "मागं मोकळंच हाय की!" दुसरा म्हणाला, "कॅम्प आला काय?" झालं. दहा मिनिटं लोक लोळत होते. मी तिथंच मरत होतो. सगळे झटके देऊन झाले, शेवटचा श्वास दोनदा सोडून झाला, पण माझ्याकडं कुणाचं लक्षच नाही. कंडक्टरची भूमिका बिघडली म्हणून मी लोकांसमोर हळहळलो. मनातून मात्र मला त्या हशाचा भयंकर हेवा वाटला. माझ्या मरणाला एवढा आवाज कधीच आला नव्हता.

पुढच्या वर्षी आमच्या सरांनी नवं नाटक वाचून दाखवलं. सर म्हणजे हायस्कूलचे निवृत्त मराठीचे शिक्षक, आणि आमचे कायमचे दिग्दर्शक. नाटक साधं होतं. धाकटा भाऊ शहरातून परत येतो. आईचं शेवटचं पत्र वहिनीनं लपवलं असा त्याचा समज होतो. तो रागावून घर सोडून निघतो. खरं काय ते घरातल्या गड्याला माहीत असतं, पण गडी मुका.

धाकटा भाऊ मी, हे विचारायचं कारणच नव्हतं. गड्यापाशी सर अडले.

मी म्हणालो, "सर, गडी आमच्या कंडक्टरला करा. त्याचा आवाज लोकांच्या ओळखीचा, म्हणून घोटाळा होतोय. आवाजच न्हाय म्हटल्यावर कोण हसंल?"

सरांना पटलं. कंडक्टरला पटलं नाही. "दिवसभर वरडतो म्हणून सरकार पगार देतंय मला," तो म्हणाला, "आणि तुम्ही मुका करालाय?"

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "अरं, न बोलता काम करणं लई अवघड असतंय. मला तर जमलंच नसतं."

त्या संध्याकाळी मी बोललेलं तेवढं एक वाक्य खरं होतं.

गड्यानं ते मनावर घेतलं. सोमवारी सकाळी मी बसमध्ये चढलो तर बस गप्प. कंडक्टर तिकिटाचं मशीन गळ्यात अडकवून उभा, तोंड मिटलेलं, सगळा कारभार हातांनी. बाया फुकट तिकिटासाठी आधार कार्ड पुढं करत होत्या. तो कार्डावरचा फोटो बघायचा, मग बाईचं तोंड बघायचा, आणि स्वतःचे गाल आत ओढून "किती वाळलीस गं" असं दाखवायचा. बाया खूश. कॅम्पातल्या दवाखान्यात जाणारी एक नर्स घाबरून म्हणाली, "एन आतरी?" काय झालं विचारत होती बिचारी. त्यानं छातीवर हात ठेवून बसच्या टपाकडं बघितलं. तिनं पर्समधून खोकल्याच्या गोळ्या काढून दिल्या. दुसऱ्या दिवशी एक म्हातारी अडुळशाचा काढा घेऊन आली. चौथ्या दिवशी स्टॉप पुकारला नाही म्हणून चार माणसं हिंडलग्याला उतरायची ती पुढं गेली, त्यांनी कटकट केली, आणि वरच्या साहेबांनी त्याला झापलं. मग तो ड्युटीवर बोलायला लागला. पण तालमीला शाळेच्या गेटातून आत आला की पुन्हा मुका. चहा हवा का म्हणून विचारलं तरी मानेनंच सांगायचा.

इथपर्यंत मला गंमत वाटत होती.

दुसऱ्या अंकात माझं मोठं भाषण होतं. आईच्या फोटोसमोर उभं राहून पाच मिनिटं बोलायचं. कंडक्टरनं पायरीवर बसून पावट्याच्या शेंगा सोलायच्या, एवढंच. मी घसा साफ केला, पोट ओढलं आणि सुरू केलं, "आई, तुझं शेवटचं पत्र कुणी लपवलं गं?" तालीम बघायला खिडकीत दहा-बारा बाया होत्या. मला वाटलं आता पदर डोळ्यांना लागतील. लागले, पण नजर माझ्याकडं नव्हती. मी वळून बघितलं. कंडक्टरच्या हातातली शेंग अर्धी सोललेली तशीच थांबली होती. त्यानं ती हळूच सुपात ठेवली. दाणा न काढता. बस्स. खिडकीतून आवाज आला, "बिचारा गं."

मी सरांना म्हणालो, "त्याला लोकांकडं पाठ करून बसवा. प्रवेश माझा हाय, लक्ष फुटतंय."

पाठ करून बसवलं. तर मी पत्राचं नाव काढलं की त्याची मान खाली जायची, आणि खांदा एवढासा हलायचा. आता तर बाया मुसमुसायलाच लागल्या, कारण तोंड दिसत नव्हतं म्हणजे तो नक्की रडत असणार. मी म्हणालो, भाषणाच्या मध्यावर त्याला शेंगा ठेवून पाणी आणायला आत पाठवा. आत पाठवलं. माझं भाषण रंगात आलं, आणि नेमक्या "आता माझं कोण आहे" या वाक्याला तो तांब्या घेऊन दारात उभा. सर टेबलावर हात आपटून म्हणाले, "व्वा! हे असंच ठेवायचं."

तेव्हा मी शेवटचा उपाय काढला. दोन दिवस विचार करून सरांकडं गेलो आणि म्हणालो, "सर, शेवटी मुक्याला वाचा फुटली तर? धाकटा भाऊ उंबरा ओलांडणार, तेवढ्यात गडी ओरडतो. लई गाजंल."

सरांचे डोळे चमकले. "ओळ काय?"

ओळ मी खिशात घेऊनच गेलो होतो. "थांबा, धाकले धनी! पुढं पाऊल टाकू नका!"

या ओळीतला "पुढं" हा शब्द मी किती प्रेमानं निवडला होता ते मलाच ठाऊक. दीड तास गप्प बसलेला कंडक्टर तोंड उघडून पहिल्यांदा "पुढं" म्हणणार, आणि आमचं गाव ते सोडणार? मला हशा ऐकू यायला लागला होता. झोपेत हसतोय म्हणून बायकोनं हलवून जागं केलं मला.

कंडक्टरनं चिठ्ठी वाचली. माझ्याकडं बघितलं. घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली. तालमीत मात्र ती ओळ म्हणेना. सरांना लिहूनच दिलं त्यानं, "आदी म्हटली तर शिळी होतीय. थेट नाटकात म्हणतो." सर मला म्हणाले, "कलावंत आहे रे तो."

वहिनीच्या कामाला आम्ही नेहमीप्रमाणं कोल्हापूरच्या एका बाईंना बोलावलं होतं. पन्नाशीच्या बाई, चंदगडपासून चिकोडीपर्यंत एक गाव सोडलं नसेल त्यांनी. आदल्या दिवशी येतात, एक तालीम करतात, आणि आमच्यापेक्षा जास्त ओळी त्यांनाच पाठ असतात. तालीम झाल्यावर त्यांनी मला विचारलं, "तो गडी खरंच मुका आहे?"

"न्हाय मॅडम, कंडक्टर हाय."

"मग बोलत नाही तेच बरं," चहा फुंकत त्या म्हणाल्या. "बोलला असता तर आपल्या दोघांचं काही खरं नव्हतं."

माझा चहा कडू झाला.

हल्ली दहाच्या आत माईक बंद करावा लागतो, म्हणून नाटक साडेसहालाच सुरू करायचं ठरलं होतं. तासभर शाल आणि नारळ देण्यात गेला. पुढच्या खुर्चीवर बंदोबस्ताचा पोलीस बसला होता, दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत. त्याच्या पायाशी सतरंजीवर कंडक्टरची आई. दुसरा अंक निम्मा होईपर्यंत पोलिसानं घड्याळ बघायचं सोडलं. मला वाटलं, जिंकलं आपण. मग त्याची नजर कुठं आहे ते बघितलं. शेंगांच्या सुपाकडं होती.

पण मी शांत होतो. माझा प्रवेश पुढं होता.

तो आला. मी बॅग उचलली, वहिनीला बोललो ते बोललो, आणि उंबऱ्याशी येऊन उजवा पाय उचलला. कंडक्टर कोपऱ्यातून धावत आला. त्यानं हात पुढं केला. तोंड उघडलं. सगळं मैदान गप्प. खारे दाणे विकणाऱ्यानं सुद्धा पुडी बांधायची थांबवली.

तोंड उघडंच राहिलं. आवाज काही येईना.

विंगेतून प्रॉम्प्टर कुजबुजला, "थांबा, धाकले धनी." मग जरा मोठ्यानं. मग एवढ्या मोठ्यानं की पोलिसानं विंगेकडं बघितलं. कंडक्टर हलला नाही. त्यानं समोर बघितलं, तोंड हळूच मिटलं, आणि नुसती मान हलवली. नको. माझा पाय अधांतरी. त्या वयात आणि त्या पोटाला एका पायावर किती वेळ उभं राहता येतं याचा अंदाज मला त्या दिवशी आला. डोक्यात काहीच नव्हतं, फक्त माझी पुढची ओळ होती. पाठ केलेली ओळ, तीच बाहेर पडली. मी दोन्ही हात वर करून ओरडलो,

"देवा! मुका बोलला!"

एक क्षण काहीच नाही. मग चौथ्या-पाचव्या रांगेतून एक जाड, शांत आवाज आला.

"कवा?"

सहा म्हशींचा मालक, डेअरीत दूध घालून गप घरी जाणारा माणूस. वर्षात दहा शब्द बोलत असेल. त्यातला एक त्यानं माझ्यावर खर्च केला. त्यानंतर जे झालं त्याला हशा म्हणणं कमी आहे. पोलिसाची टोपी पडली. मी कंडक्टरसाठी दोन दिवस बसून जो हशा शिवला होता, तो बरोबर माझ्या मापाचा निघाला.

सावरलं ते बाईंनी. त्या खाटेवरून उठल्या, चालत माझ्यापाशी आल्या आणि हसू जरा ओसरेपर्यंत थांबल्या. मग माझा दंड धरून हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊजी, तो बोलला नाही. इतकी वर्षं मीही बोलले नाही. पण तुम्हाला ऐकू आलं ना? मग बसा खाली."

मैदान एकदम गार पडलं. मी खाली बसलो. लोकांना वाटलं धाकट्या भावाला पश्चात्ताप झाला. माझ्या पोटरीत गोळा आला होता. पडदा पडला तेव्हा टाळ्या थांबेनात, आणि सर विंगेत ज्याला त्याला सांगत होते, "मौनाचा प्रयोग होता. मुद्दाम केला."

कुणीतरी मोबाइलवर तेवढाच तुकडा घेतला होता. दोन दिवसांत तो सगळ्या ग्रुपवर. फाउंड्रीत मी म्हणालो, "बेअरिंग आल्यात," की चार जण एकदम, "कवा?" घरी मी म्हणालो, "जेवलो," तर बायको तेच.

आठवड्यानं निपाणीहून फोन आला. तिथली एक संस्था नाट्यस्पर्धा भरवते, तिच्या कमिटीतले एक तंबाखूचे व्यापारी बोलत होते. "या की तुम्ही. पण ते 'कवा'चं तेवढं ठेवा बरं का. आमच्या घरात आईपासून सगळ्यांनी बघितलंय."

आता "कवा" आमच्या नाटकात नव्हतं, प्रेक्षकांत होतं. सरांनी म्हशीवाल्याला बरोबर न्यायचं ठरवलं. त्याला सांगायला गेलो तर तो धार काढत होता. ऐकून घेतलं आणि म्हणाला, "कितव्या रांगेत बसू? उठून म्हणू का बसून?" तालमीला रोज यायला लागला. पांढरा शर्ट शिवला. एकदा "कवा रं?" म्हणाला, एकदा "आता कवा?", एकदा नुसता श्वास सोडून "क्...वा?" सर वैतागले. "अहो, एकच शब्द. तेव्हा आला तसा म्हणा."

"सर," तो कळवळून म्हणाला, "तवा मला ठाऊक न्हवतं मी काम करालोय म्हणून."

निपाणीत आमचं नाटक दुपारी दोनला होतं. भरलेला हॉल, डोक्यावर घरघरणारे पंखे, पुढं तीन परीक्षक. कंडक्टरनं शेंग सुपात ठेवली आणि मधल्या परीक्षकानं पेन खाली ठेवलं. मी आता जळायचं सोडलं होतं, किंवा थकलो होतो. शेवट आला. मी पाय उचलला, कंडक्टरनं तोंड उघडलं आणि मिटलं, मी ओरडलो, "देवा! मुका बोलला!"

शांतता.

मी तिसऱ्या रांगेत बघितलं. म्हशीवाला अर्धा उठलेला, तोंड उघडं, गळ्याची घाटी वरखाली होतेय, आणि आवाज नाही. घामानं पांढरा शर्ट अंगाला चिकटलेला. मी पुन्हा ओरडलो, "बोलला! मुका बोलला!" काही नाही. परीक्षक आता माझ्याकडं काळजीनं बघायला लागले.

तेवढ्यात अगदी मागून एका म्हातारीचा आवाज आला. ती शेजारणीला खरोखरीच विचारत होती, आपलं काही ऐकायचं चुकलं की काय म्हणून.

"यावागरी?"

कवा, पण कन्नडमधून. निपाणीत न समजणारा कोण असतो! हॉल फुटला. मधल्या परीक्षकानं कपाळ टेबलाला टेकवलं. बाई उठल्या, आपली ओळ बाजूला ठेवून मागच्या रांगेकडं वळल्या आणि मायेनं म्हणाल्या, "नमगू केळसलिल्ल, अज्जी." आम्हालाही नाही ऐकू आलं, आजी. मग माझा दंड धरला, आणि हसणारे लोक हसता हसता रडायला लागले.

आम्हाला दुसरा नंबर मिळाला. अभिनयाचं बक्षीस कंडक्टरला. परीक्षकांनी माझाही उल्लेख केला. धाकट्या भावाचा गोंधळ अतिशय नैसर्गिक वाटला म्हणाले.

परतताना संकेश्वरजवळ चहाला गाडी थांबली. म्हशीवाला खाली उतरला नाही, खिडकीला डोकं लावून बसून राहिला. मी आणि कंडक्टर हॉटेलच्या बाकावर. दिवस मावळत होता, आणि त्याच्या मांडीवर बक्षीस होतं. मला एकदम राहवेना.

"ती ओळ मी मुद्दाम लिहिलतो," मी म्हणालो. "पुढं हा शब्द."

"ठाऊक हाय की. चिठ्ठी वाचली तवाच कळलं."

"म्हणून बोलला न्हाईस?"

त्यानं बक्षीस मांडीवरून उचलून बाकावर ठेवलं. "न्हाय रं. म्हणणारच होतो. गोठ्यात आठ दिवस घोकलो. पण तोंड उघडलो तर समोर आय बसलेली. आदल्या वर्षी मी पाटील झाल्तो तवा लोकं हसली न्हवं, ती मधीच उठून घरला गेलती. लोकं माझ्या पोराला हसत्यात म्हणून. दोन दिवस जेवली न्हाय. यंदा बसून ऱ्हायलती. म्हटलं, आता बोललो तर ही परत उठंल."

त्या हशाचा मी वर्षभर हेवा केला होता. तो त्याला कसा लागला असेल, हे एकदाही मनात आलं नव्हतं. आम्ही रोज एकाच बसनं जातो.

"चुकलं माझं," मी म्हणालो. आणि मग, "पण मान तरी लवकर हलवायचीस. एका पायावर उभा होतो मी."

"ते बघितलो की." त्यानं बशीत चहा ओतला. "लई बरं दिसालतं. म्हणून आणि थोडा वेळ थांबलो."

तो उठला, आणखी एक चहा घेतला आणि गाडीकडं गेला. खिडकीतून ग्लास आत दिला, काहीतरी बोलला, बराच वेळ तिथं उभा राहिला. मग रिकामा ग्लास घेऊन परत आला.

"काय म्हणतोय?" मी विचारलं.

"चहा पिला," कंडक्टर म्हणाला. "पण बोलंना झालाय."